गावातले लहान चर्च आणि रविवारची सकाळ

अश्विन_ठाणे

मंडळी, एका आमंत्रणाच्या निमित्ताने हा धागा काढतो आहे. माझ्या कार्यालयातील एका सहकाऱ्याचे घर वसईच्या पश्चिम पट्ट्यात, गासच्या पुढे एका आळीत आहे. येत्या रविवारी सकाळी आमच्याबरोबर चर्चला या, मग घरी जेवूनच परत जा, असा त्याचा आणि त्याच्या आईचा आग्रह आहे. मी ख्रिस्ती नाही. ओल्ड गोव्यातील मोठी चर्चे पर्यटक म्हणून पाहिली आहेत. पण सगळे एकमेकांना ओळखतात अशा गावच्या चर्चमध्ये, प्रत्यक्ष मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामुदायिक उपासना, चालू असताना बसण्याचा प्रसंग कधी आलेला नाही.

बाहेरच्या माणसाने जावे का, गेल्यास कुठे बसावे, कधी उठावे, हे विचारायचे आहेच. पण त्याहून अधिक कुतूहल दुसऱ्या एका गोष्टीचे आहे. शहरातील आमचा रविवार आठवड्याची राहिलेली कामे उरकण्यात जातो. नारळी-पोफळीच्या, केळीच्या वाड्यांच्या आणि उष्ण हवेच्या प्रदेशातील ख्रिस्ती गावांत मात्र रविवार अजूनही निवांत असतो, असे माझे मत झाले आहे, आणि त्या निवांतपणाचे केंद्र ते लहानसे चर्च असावे असे वाटते. हे मत कितपत खरे आहे? ज्यांचे बालपण अशा गावांत गेले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे.

वाघोलीकर

अवश्य जा. आमच्याकडे मिस्साला येणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही, फार तर "कोणाकडे आलात?" एवढे विचारतील, आणि त्या प्रश्नाचे उत्तर दिल्यावर तुमची बसण्याची सोय आपोआप होईल.

सर्वसाधारण क्रम सांगतो. पहिली मिस्सा साडेसहा-सातच्या सुमारास असते, कारण एप्रिल-मे महिन्यांत नऊनंतर आत बसणे नकोसे होते. एकूण तासाभराचा विधी असतो. प्रवेशगीत, क्षमायाचना, मग बायबलमधील वाचने, त्यांतील शेवटचे शुभवर्तमानाचे, म्हणजे येशूच्या चरित्राचे, आणि ते चालू असताना सगळे उभे राहतात. नंतर फादरांचे प्रवचन, श्रद्धेचा स्वीकार, लोकांच्या प्रार्थना, अर्पण आणि शेवटी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे पवित्र भाकरीचे वाटप. कोणत्या रविवारी काय वाचायचे हे तीन वर्षांच्या चक्रात ठरलेले असते, त्यामुळे गासच्या चर्चमध्ये जो उतारा वाचला जातो तोच त्या दिवशी ब्राझीलमधल्या एखाद्या खेड्यातही वाचला जातो. उठण्या-बसण्याची चिंता करू नका. पुढच्या बाकावरील आजींकडे लक्ष ठेवा, त्या उठल्या की उठा, त्या बसल्या की बसा. गुडघे टेकण्याची वेळ आली की तुम्ही नुसते शांत बसलात तरी चालते.

तुम्ही म्हणता तो निवांतपणा मात्र मिस्सा संपल्यावर सुरू होतो. लोक लगेच घरी जात नाहीत. काही जण शेजारच्या दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या कबरीवर फुले ठेवतात आणि मेणबत्ती लावतात. पुरुषमंडळी भिंतीच्या सावलीत उभी राहतात. कोणाच्या विहिरीला पाणी कमी झाले, कोणाच्या मुलाला कुठे नोकरी लागली, केळीचा भाव काय, पंचायतीत काय चालले आहे, हे सगळे तिथे बोलले जाते. प्रवचन प्रमाण मराठीत झालेले असते. या गप्पा मात्र कुपारी किंवा वाडवळी या आमच्या बोलींत चालतात आणि त्यांत प्रवचनाचेही परीक्षण होऊन जाते.

चिंचगुळ

वाघोलीत एवढे निवांत चर्च आहे आणि आम्ही रविवारी नगर रस्त्यावरच्या कोंडीत अडकतो! पत्ता कळवावा.

वाघोलीकर

चिंचगुळ, ही वसईची वाघोली आहे, पुण्याची नव्हे. तुमच्या कोंडीवर आमच्याकडे उपाय नाही. रविवारी पश्चिम रेल्वेचा मेगाब्लॉक असेल तर आम्ही स्वतःच घरी बसतो.

रोखठोक

धागाकर्त्यांच्या मूळ मताविषयी मला शंका आहे. निवांत रविवार हे पाहुण्याला दिसणारे दृश्य असते. मी नायगावजवळ लहानाचा मोठा झालो, आणि माझ्या आठवणीतला रविवार हा आठवड्यातील सर्वांत धांदलीचा दिवस आहे. पाच भावंडांच्या इस्त्रीच्या कपड्यांपासून ते दुपारच्या मटणापर्यंत सगळे त्याच दिवशी करावे लागे. वाघोलीकरांनी वर्णन केलेल्या भिंतीच्या सावलीत कोण उभे असते, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे: पुरुषमंडळी. महिला त्या वेळी कुठे असतात, हेही लिहावे.

शिवाय ही गावे आता तशी राहिलेली नाहीत. हिरव्या वाड्या टिकाव्यात म्हणून १९८०च्या दशकाच्या अखेरीस इथे हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे पुढे २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते त्या आंदोलनाच्या अग्रभागी होते. तरीही कितीतरी बावखले, म्हणजे वाड्यांतील पाण्याची तळी, बुजवली गेली आणि त्यांवर इमारती आल्या. चर्चमध्ये आता वाहने लावायला जागा नसते आणि मिस्सा संपल्यावर फाटकातून बाहेर पडायलाच पंधरा मिनिटे लागतात. निवांतपणाचे चित्र रंगवताना हेही चित्रात असू द्यावे.

मोगरा_आबोली

रोखठोक यांच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण त्या वेळी घरात असणाऱ्यांपैकी मी एक आहे.

आमची फुलांची वाडी आहे. मोगऱ्याच्या कळ्या रविवार पाळत नाहीत. त्या उमलण्याआधी खुडून दादरच्या बाजारात पोहोचल्या पाहिजेत, म्हणून सासूबाई आणि मी पहाटे डोक्याला बॅटरी बांधून वाडीत असायचो. कळ्यांची टोपली पहिल्या गाड्यांपैकी एकीवर रवाना झाली की विहिरीवर हातपाय धुऊन, साडी बदलून सातच्या मिस्साला जायचे. प्रवचन चालू असताना माझ्या बोटांना हिरवा वास येत असे आणि पाच मिनिटे डोळा लागला तरी देव समजून घेईल, अशी माझी श्रद्धा होती. सासूबाईंची नव्हती, त्या कोपराने ढोसत.

तरीसुद्धा त्या तासाला मी निवांत म्हणेन. घरातल्या कोणत्याही कामासाठी त्या वेळात मला कोणी हाक मारू शकत नव्हते. आठवड्यात असा दुसरा तास नव्हता. मिस्सानंतर बायकाही थांबतात, रोखठोक, फक्त भिंतीपाशी थांबत नाहीत. आमची जागा फाटकाबाहेर, जिथे भाजीच्या आणि सुक्या बोंबलांच्या टोपल्या लागतात तिथे. खरेदीचे निमित्त असते आणि अर्धा तास जातो.

जुन्या पिढीच्या रविवारविषयी एक गोष्ट लिहिते, कारण आता ती कोणाला माहीत नसते. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी उपवास करायचा नियम आहे. १९५३पर्यंत तो मध्यरात्रीपासून असे आणि त्यात पाण्याचा घोटही चालत नसे. १९५७मध्ये तो तीन तासांवर आला आणि १९६४मध्ये एका तासावर. माझ्या सासूबाईंच्या लहानपणी लोक निर्जळी उपाशी चालत चर्चला येत, म्हणून मिस्सा पहाटे असे, आणि ती लॅटिनमध्ये असे. बायका त्या वेळी जपमाळ ओढत बसत, कारण वेदीवर काय चालले आहे ते शब्दांनी कळत नसे. कॅथलिक धर्मगुरूंच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात, मराठी आली. मिस्सा संपताक्षणी त्यांना कशाची आठवण येत असेल, तर चहाची. रविवारच्या न्याहारीला आमच्या घरांत अजूनही जो मान आहे, तो त्या उपासातून आला असावा असे मला वाटते.

नगरचा_पाटा

इथपर्यंतची सगळी चर्चा कॅथलिक पद्धतीविषयी झाली. मी अहिल्यानगर जिल्ह्यातला, अमेरिकन मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट परंपरेतला. आमची मंडळी १९७०पासून उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाली. आमच्याकडे समुद्र नाही, नारळ नाहीत, हिरवळ तर श्रावणातच काय ती दिसते. पण उष्ण प्रदेशच म्हणायचा तर मे महिन्यात आमच्या तालुक्यात येऊन पाहावे.

आमच्या गावचे चर्च म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा, आणि भिंतीवर फळ्यासारखी काळी पाटी, जिच्यावर त्या दिवसाच्या गीतांचे क्रमांक खडूने लिहिलेले असतात. माणसे सतरंजीवर बसतात, एका बाजूला स्त्रिया आणि दुसऱ्या बाजूला पुरुष. चपला बाहेर. पेटी, तबला आणि टाळ असतात, आणि गायली जाणारी बरीच गीते ना. वा. टिळकांची असतात. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षे मराठी ख्रिस्ती मंडळीला अभंगाच्या चालीत प्रार्थना करायला शिकवले. त्यामुळे खिडकीबाहेरून जाणाऱ्याला आत भजन चालू आहे असेच वाटते, आणि ते खरेही आहे.

उपासनेची वेळ पाटीवर दहाची असते. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, तीन गावे सांभाळतात. मोटारसायकलवरून ते पोहोचले की दहा वाजतात. तोवर वडीलधारी मंडळी गीते सुरू करतात, आणि एका गीताचे पाच-सहा चरण सावकाश, प्रत्येक ओळ दोनदा म्हणत गेले की वेळ कसा जातो ते कळत नाही. वसईकरांच्या तासाभराच्या मिस्साला आमच्याकडे कोणी उपासना म्हणणार नाही. नुसता उपदेशच पाऊण तासाचा असतो.

सर्वांत मोठी मौज कापणीच्या सणाच्या रविवारी. शेतातले जे आले असेल ते लोक वेदीपाशी आणून ठेवतात: बाजरी, ज्वारीची कणसे, भोपळे, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की बाहेर झाडाखाली त्याचा लिलाव होतो आणि रक्कम मंडळीच्या कामाला जाते. कोंबडी बाजारात मिळते त्याच्या तिप्पट किमतीला जाते, घेणारा ती पुन्हा दान करतो, आणि पुन्हा बोली लागते. एकच कोंबडी तीन घरांना पुण्य देऊन शेवटी पाळकांच्या घरी जाते.

चिंचगुळ

कोंबडीचे मत कोणी विचारले आहे काय?

मांडवीकाठ

मी गोव्याचा, बार्देशातला. आमच्याकडे मुख्य चर्च एक आणि प्रत्येक वाड्यावर एक कपेल, म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, अशी रचना असते. धागाकर्त्यांना लहान चर्चची आस असेल तर कपेलाइतके लहान दुसरे काही नाही. कित्येकांत पन्नास माणसे बसली की बाकीची बाहेर उभी राहतात. मात्र रविवारची मिस्सा सहसा मुख्य चर्चमध्येच होते आणि कपेलात वाड्यावरचे लोक संध्याकाळी तेर्साला (जपमाळेच्या प्रार्थनेला) किंवा लदायनीला (गाऊन म्हणायच्या स्तुतिप्रार्थनेला) जमतात. त्यामुळे रविवारी कपेल शोधत गेल्यास दाराला कुलूप सापडण्याची शक्यता अधिक आहे.

इथे कोणी इमारतीविषयी लिहिले नाही, आणि निवांतपणाचा अर्धा भाग इमारतीत असतो असे माझे मत आहे. आमची जुनी चर्चे जांभ्या दगडाची, भिंती हातभर जाड आणि वर चुन्याचा गिलावा. तो चुना शोभेपेक्षा गरजेचा, कारण जांभा उघडा राहिला तर चार महिन्यांच्या पावसात झिजतो. छत उंच आणि लाकडी, वर कौले. मंगळुरी कौले १८६५मध्ये बासेल मिशनने कारखाना काढल्यानंतरची, त्याआधी नळीची कौले असत. काही जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या आहेत. त्यांतून ऊन आत येते, पण त्याचा चटका बाहेरच राहतो, आणि सकाळी साडेसातला आतला उजेड दुधी दिसतो. आता नव्याने बांधलेली सिमेंटच्या स्लॅबची चर्चे पाहा. आठ वाजता तापतात, मग डझनभर पंखे लावतात, पंख्यांच्या आवाजात प्रवचन ऐकू येत नाही म्हणून ध्वनिवर्धक लावतात, आणि मग निवांतपणा कुठे गेला म्हणून विचारतात.

दुसरी गोष्ट संगीताची. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. रविवारच्या मिस्सात वाजवण्यासाठी म्हणून शिकवलेली ही विद्या पुढे मुंबईला गेली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही सगळी गोव्याची माणसे. पन्नासच्या आणि साठच्या दशकांतील गाण्यांत व्हायोलिनांचा जो ताफा ऐकू येतो, त्याची मुळे गावच्या चर्चमधील रविवारच्या तालमीत आहेत. आमच्या चर्चमध्ये आजही दोन वयस्क व्हायोलिनवादक वर गॅलरीत बसतात, आणि त्यांच्यापैकी एक जण प्रवचन सुरू झाले की मागच्या जिन्याने खाली उतरून विडी ओढून येतो. श्रद्धेच्या स्वीकाराच्या पहिल्या ओळीला तो जागेवर हजर असतो. आजवर एकदाही चुकलेला नाही.

इतिहासवेडा

घंटेचा विषय निघालेला नाही, म्हणून लिहितो. रविवारी सकाळी गावाला जाग आणणारी वस्तू तीच. मे १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, आणि त्या मोहिमेतील विजयाची खूण म्हणून पोर्तुगीज चर्चांच्या घंटा मराठी मुलुखात आणल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला आणि भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे. ज्या घंटा एके काळी मिस्साची वेळ सांगत, त्या आता आरतीला वाजतात.

रोखठोक

माहिती उत्तम आहे, पण यावरून धागा इतिहासाकडे वळू नये, एवढी विनंती. वसईच्या मोहिमेवर इथे याआधी पुष्कळ चर्चा झाली आहे आणि तिचा शेवट कधीही निवांत झालेला नाही.

वाघोलीकर

घंटेबद्दल एक भर घालतो आणि थांबतो. आमच्याकडे मिस्साच्या अर्धा तास आधी एकदा आणि वेळेवर दुसऱ्यांदा घंटा वाजते. कोणी वारले तर वेगळ्या ठोक्यांनी वाजते, आणि रविवारी पहाटे तशी घंटा झाली तर चर्चला पोहोचेपर्यंत सगळ्या गावाला नाव कळलेले असते. त्या दिवशी भिंतीच्या सावलीतील गप्पांना आवाज नसतो. लहान चर्चची हीही बाजू आहे: तिथे अनोळखी मृत्यू होत नाही.

साळाव_पूल

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला कोणी रविवारी गेले आहे काय? किल्ल्याच्या पायथ्याशी गाव आहे आणि चर्च माउंट कार्मेलच्या मातेचे आहे. पोर्तुगीज १७४०मध्ये तिथून गेले, पण गावातील ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली अजून बोलली जाते. मिस्सा मराठीत होते. बाहेर आल्यावर दोन म्हाताऱ्या एकमेकींशी बोलू लागल्या की अलिबागच्या माणसाला अक्षरही कळत नाही आणि लिस्बनच्या माणसालाही अर्धेच कळेल. त्यांचा सण १६ जुलैला, म्हणजे ऐन पावसात येतो. मी एकदा त्या सुमारास गेलो होतो. चर्चच्या दारात छत्र्यांचा ढीग, आणि मिस्सा संपल्यावर आपली काळी छत्री ओळखण्याचा जो कार्यक्रम चालतो, तो मिस्साइतकाच वेळ घेतो.

पोर्ट_लुई_मराठी

मॉरिशसहून लिहिते आहे. आमचे पूर्वज १८३४ नंतरच्या गिरमिटी काळात कोकणातून आले आणि आम्ही गणेश चतुर्थी करणारे हिंदू आहोत. पण शेजारचे कुटुंब कॅथलिक असल्याने त्यांच्याबरोबर अनेकदा चर्चला गेले आहे. विधी फ्रेंचमध्ये आणि गाणी क्रेओलमध्ये, रवान या डफासारख्या वाद्याच्या ठेक्यावर असली तर आजीबाईसुद्धा बाकावर बसल्या बसल्या डोलतात.

बाहेरच्या माणसाने जावे का, या प्रश्नाला आमच्या बेटावर एक जुने उत्तर आहे. फादर लावाल नावाचे फ्रेंच धर्मगुरू, जे आधी डॉक्टर होते, त्यांनी इथे मुक्त झालेल्या गुलामांत काम केले आणि ते ९ सप्टेंबर १८६४ रोजी वारले. दरवर्षी त्या दिवसाच्या आदल्या रात्री लोक सेंट-क्रॉ येथील त्यांच्या समाधीकडे चालत जातात, आणि त्यांत हिंदू, मुसलमान, चिनी असे सगळे असतात. माझी आई दरवर्षी जात असे आणि घरी येऊन देवघरात दिवा लावत असे. तिला त्यात काही विसंगत वाटत नव्हते.

इथल्या रविवारचे सांगायचे तर मिस्सा संपली की सगळे कुटुंब पातेल्यांसह समुद्रावर जाते. सुरूच्या झाडांखाली चटया पसरतात, बिर्याणीचे पातेले मधे ठेवतात आणि संध्याकाळपर्यंत कोणी हलत नाही. रोखठोक यांच्या समाधानासाठी सांगते की ते पातेले पहाटे चारला उठून कोणीतरी रांधलेले असते.

रोखठोक

समाधान झाले. धन्यवाद.

अश्विन_ठाणे

इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. आता तीन व्यावहारिक प्रश्न उरतात. नगरच्या मित्रांनी चपला बाहेर काढतात असे लिहिले आहे; वसईत काय करावे? ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मी उभे राहावे काय? आणि बरोबर सात वर्षांची मुलगी असेल, ती तासभर गप्प बसण्याची शक्यता फार कमी आहे.

वाघोलीकर

चपला घालून आत जातात. ख्रिस्तप्रसाद बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो, म्हणून त्या वेळी बाकावर बसून राहावे; रांगेतील लोकांना जागा देण्यासाठी पाय थोडे बाजूला घ्यावेत, एवढेच. शांतीचिन्हाच्या वेळी शेजारी तुमच्याकडे वळून हात जोडेल, तुम्हीही हात जोडा. दानाची पिशवी येईल. दहा रुपये टाकलेत तरी कोणी पाहत नाही आणि काही टाकले नाही तरी कोणी पाहत नाही.

मुलीला शेवटच्या बाकाच्या टोकाला बसवा. प्रवचनाच्या वेळी लहान मुलांची आणि त्यांच्या बापांची एक तुकडी व्हरांड्यात गेलेली असते, तिथे तिला सोबत मिळेल.

नगरचा_पाटा

चपलांवरून आठवले. हात जोडून शांती देणे, आरती, जमिनीवर बसणे, चपला काढणे, अशा बारा गोष्टींना रोमने १९६९मध्ये भारतातील कॅथलिक मंडळीसाठी परवानगी दिली होती. म्हणजे वसईकरांनाही चपला बाहेर काढण्याची मुभा पन्नासहून अधिक वर्षे आहे. ती वापरत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

वाघोलीकर

मुभा आहे हे खरे. आमच्याकडे नमस्कार आणि आरती लोकांनी मनापासून घेतली. बाकीच्या काही गोष्टींवर त्या काळी वाद झाले, आणि ज्येष्ठांपैकी अनेकांना हे सगळे वरून लादल्यासारखे वाटले. चपलांच्या बाबतीत कारण साधे असावे: आठशे माणसे एका दारातून बाहेर पडतात, आणि साळाव_पूल यांनी छत्र्यांचे जे वर्णन केले आहे ते दर रविवारी कोणाला हवे आहे?

मोगरा_आबोली

अश्विन, मुलीची काळजी करू नका. मिस्साच्या शेवटी सूचना वाचल्या जातात, तेव्हा मात्र तिला आत आणा. ठरलेल्या लग्नांची नावे सलग तीन रविवारी चर्चमध्ये वाचून दाखवतात, कोणाची हरकत असल्यास कळावी म्हणून. इतका वेळ पेंगणारे सगळे चर्च त्या क्षणी ताठ बसते. नवऱ्यामुलाचे नाव, वडिलांचे नाव, आळी. मग मुलीचे नाव, आणि बायकांच्या बाजूने एक हलकीशी कुजबुज उठते. हरकत कोणी घेतल्याचे मी पाहिले नाही, पण मत प्रत्येकाचे असते आणि ते फाटकाबाहेर बोंबलांच्या टोपलीपाशी व्यक्त होते.

आणि रोखठोक यांना एक सांगायचे आहे. शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते, हे तुम्हाला माहीत असेलच. आमच्या सुना शनिवारीच जाऊन येतात आणि रविवारी सकाळी आठपर्यंत झोपतात. मला सुरुवातीला ते खटकले. आता वाटते की निवांत रविवार कोणाला मिळाला असेल, तर तो त्यांना. फक्त त्या फाटकाबाहेरच्या अर्ध्या तासाला मुकतात, आणि गावात काय चालले आहे हे त्यांना माझ्याकडून कळते. त्यामुळे घरात माझे वजन वाढले आहे.

रोखठोक

माझे म्हणणे एवढेच होते की निवांतपणा फुकट मिळत नाही, तो घरातील कोणीतरी पुरवत असते. मोगरा_आबोली यांच्या सुनांनी तो स्वतःसाठी राखून ठेवला, हे मला भिंतीच्या सावलीपेक्षा अधिक आवडले. अश्विन, तुमच्या सहकाऱ्याची आई तुम्हाला जेवायला वाढणार आहे. मिस्सानंतर भिंतीपाशी दीड तास रमण्यापेक्षा लवकर घरी जाऊन नारळ खवून द्या, असा माझा सल्ला आहे.

अश्विन_ठाणे

नारळ खवता येतो, त्यामुळे सल्ला मान्य आहे. जेवायला काय असेल याचा अंदाज कोणी देऊ शकेल काय? मुलगी तिखट खात नाही.

मोगरा_आबोली

पाहुणे येणार म्हणजे इंद्याल हे मांसाचे कालवण असण्याची शक्यता आहे, आणि ते तिखट आणि आंबट दोन्ही असते. पण त्याबरोबर फुगे केले असतील तर मुलगी त्यांवरच जेवेल; तळलेले, पोकळ आणि किंचित गोडसर असतात. आदल्या दिवशी फोन करून मुलीचे सांगून ठेवा, त्या माउली वेगळे काहीतरी करतील. आणि सातच्या मिस्साला पावणेसातला पोहोचा, नाहीतर पंख्याखालची जागा मिळणार नाही.

चिंचगुळ

फुग्यांची पाककृती द्यावी.

मोगरा_आबोली

त्यासाठी पाककृती विभागात वेगळा धागा काढा, तिथे देते. पीठ आंबवण्यावर आमच्या आळीतच तीन मते आहेत.